आधी कोरी

विद्यापीठाच्या गेटबाहेरच्या टपरीवर आमचे सर चहाचे दोन कप मागवायचे. एक नेहमीचा आणि एक पत्ती न घातलेला. पाणी, दूध, साखर, आलं सगळं तेवढंच, उकळीही तेवढीच, फक्त चहाची पत्ती नाही. तो बिनपत्तीचा कप आधी सावकाश प्यायचा आणि मग खरा चहा, असा त्यांचा क्रम होता.

टपरीवाला पहिल्यांदा वैतागला. "सर, ये चाय नहीं हुई. ये तो मीठा दूध है."

"इसीच वास्ते मंगाया," सर म्हणाले. "तुम्हारी चाय अच्छी है बोलते लोगां. मेरे को देखना है, चाय अच्छी है के अद्रक."

"तो क्या निकला?"

"अद्रक."

सर निघून गेल्यावर टपरीवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ये साब पढ़ाते हैं, के पढ़ रहे हैं?"

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. प्राणिशास्त्र विभागातल्या आमच्या प्रयोगशाळेत एकच काम चालायचं. एखाद्या प्राण्याचा अवयव घ्यायचा, गोठवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि ते रसायनांत बुडवून असे रंगवायचे, की पेशीच्या आत कोणती क्रिया नेमकी कुठं चालली आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसावं. आपण शोधत असलेलं एन्झाइम जिथं असेल तिथं काळे कण बसतात. पण काळं इतर कारणांनीही पडू शकतं. म्हणून सोबत दुसरा काप करायचा. त्याला बाकी सगळं तसंच द्यायचं, फक्त ज्या पदार्थावर ते एन्झाइम काम करतं तेवढा द्यायचा नाही. कामच नाही म्हटल्यावर हा काप कोरा राहायला हवा. पुस्तकात याला कंट्रोल म्हणतात. सर त्याला कोरी म्हणायचे. कोरी स्लाइड.

"काळं काय, तवाबी काळा असतो. आधी कोरी दाखव, मियाँ." रंगवलेली स्लाइड घेऊन आनंदानं धावत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे ऐकावं लागे. कोरी पाहिल्याशिवाय ते दुसऱ्या स्लाइडकडे नजरही टाकत नसत. हातानं झाकून ठेवत.

हा नियम त्यांनी प्रयोगशाळेपुरता ठेवला असता, तर त्यांचं आयुष्य थोडं सोपं झालं असतं. विभागातल्या एका क्लार्कला नवसानं मुलगा झाला. तो पेढे घेऊन आला. सरांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि मनापासून विचारलं, "ज्यांनी नवस नाय बोलला त्यांना काय झालं, ते विचारलं का?" क्लार्क पेढ्यांचा पुडा उचलून निघून गेला. पुढं सरांची रजेची कागदपत्रं कित्येक महिने त्याच्याच टेबलावर पडून राहिली. सरांना त्याचं कारण कधी कळलं नाही, किंवा कळलं असेल तरी तसं दाखवलं नाही.

सर सोयगावकडचे. घर शेतकऱ्याचं. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, ते उर्दू माध्यमात शिकले, नंतर शाळा मराठी झाली, पुढं कॉलेज इंग्रजीत. त्यामुळं त्यांच्या बोलण्यात तिन्ही भाषा एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या असत. शिकवता शिकवता रंगात आले की पेशीला 'खलिया' म्हणायचे, कारण उर्दूत पेशीला तेच म्हणतात. औरंगाबादच्या पोरांना खलिया म्हटलं की नानसोबतचा झणझणीत रस्साच आठवतो. वर्गात हसू पिकायचं. सर थांबायचे. "हसा. जेवायच्या आधीचा तास आहे, मला माहीत आहे."

त्यांचा एक हात शरीराला चिकटवलेला असला, की वीज गेली आहे असं समजावं. आमच्या रंगवण्याच्या पद्धतीत काप ठरावीक उबेत ठेवावे लागत आणि ती ऊब म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. वीज गेली की उबेची पेटी थंड पडायची. मग सर काचेची झाकणवाली बरणी फडक्यात गुंडाळून, शर्टाची वरची बटणं सोडून सरळ काखेत धरायचे आणि तसेच वर्गावर जायचे. एका हातानं फळ्यावर लिहायचं, दुसरा हात घट्ट. एकदा विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आले आणि सरांनी नमस्काराला हात जोडले नाहीत. पाहुणे गोंधळले. सर म्हणाले, "माफ करा, मी सध्या उबवणीवर आहे."

रंगवण्याच्या शेवटच्या पायरीला जे रसायन लागायचं, त्याला सडलेल्या अंड्याचा वास. तो त्यांच्या कपड्यांत कायमचा मुरला होता. पदमपुऱ्यातल्या घरी गेलं की दारातच काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज यायचा. "शर्ट बाहेर. नायतर तुमीबी बाहेर." सर निमूटपणे ओसरीत बनियनवर बसायचे. सिटी बसमध्ये लोक त्यांच्या शेजारून उठून जायचे. "जागा मिळते," ते म्हणायचे, "आणखी काय पाहिजे?"

आमच्या भिंतीपलीकडे जीवरसायनवाल्या सरांची खोली होती. ते अवयव खलबत्त्यात वाटून त्यात एन्झाइम किती आहे ते मोजायचे. त्यांचे आकडे फार नेटके येत. आमच्या सरांना ते पटायचं नाही. "किती, ते त्यांना विचारा. कुठं, ते मला विचारा," असं म्हणायचे. आणि एकदा भर बैठकीत म्हणाले, "हे लोक आख्खं शहर वरवंट्याखाली घालतात आणि मग त्या चटणीकडं बघून सांगतात, गुलमंडीवर लई गर्दी होती म्हणून." सगळे हसले. शेजारचे सरही हसले. पण ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं, हे मला पुढं समजलं. त्या वेळी मी हसणाऱ्यांत सगळ्यात पुढं होतो.

आता खेकड्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे.

सरांचं नाव जगात एका गोष्टीसाठी झालं होतं. जग म्हणजे आमच्या विषयातले मूठभर लोक, पण ते परदेशातही होते. तरुणपणी त्यांनी आपल्याकडच्या ओढ्यांतल्या खेकड्यावर काम केलं होतं. खेकडा वाढतो तेव्हा जुनं कवच टाकून देतो. टाकायच्या आधी जुन्या कवचातला चुना शरीरात ओढून घेतो आणि नव्यासाठी जपून ठेवतो. या दिवसांत त्याच्या पोटातल्या पाचक ग्रंथीच्या काही ठरावीक पेशी एका एन्झाइमनं गच्च भरून जातात, असं सरांनी दाखवलं होतं. त्यांच्या निबंधातलं छायाचित्र फार देखणं होतं. ग्रंथीच्या फिक्या जाळीत मधूनच एकेक पेशी काळीभोर. शेजारी कोरी, काचेसारखी स्वच्छ. तो निबंध मागवणारी परदेशातली पोस्टकार्डं सरांनी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवली होती. त्यांतल्या एका कार्डावरच्या तिकिटावर बदक होतं. नवीन विद्यार्थी आला की सर ते बदक दाखवायचे, निबंध नाही. पण दाखवताना चेहरा निबंधाचाच असायचा.

त्यानंतर त्यांच्या हातून तेवढं मोठं काही झालं नाही. झालं नाही याची त्यांना खंतही दिसली नाही. "एक जागा सापडली मला," ते म्हणायचे. "एका माणसाला एक जागा पुष्कळ."

माझ्या प्रबंधाचा विषय त्याच कामाचा पुढचा भाग होता आणि तो काही केल्या संपत नव्हता. सर माझ्या कामात खोट काढायचे आणि ती खोट खरी असायची, याचाच मला जास्त राग यायचा. माझं गाव शेंद्र्याजवळ. रविवारी घरी गेलो की वडील शेतातून आल्या आल्या विचारायचे, "पलीकडच्या आळीतला पोरगा वाळूजला कंपनीत लागला, गाडी घेतली. तू अजून खेकडेच चिरायला व्हय?" आई म्हणायची, "त्याचं शिक्षण बारीक आहे." वडील म्हणायचे, "बारीक आहे म्हणूनच दिसंना."

एका उन्हाळ्यात मी खपून स्लाइड तयार केल्या होत्या. दिसायला उत्तम. सरांनी पेटी उघडली, कोऱ्या पाहिल्या, वरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि विचारलं, "कोरी दुसऱ्या दिवशी केली?"

"हो सर. त्या दिवशी द्रावण संपलं होतं."

"मग या कोऱ्या नाय. या नुसत्या काचा." असं म्हणून त्यांनी सगळी पेटी काचा धुण्याच्या ॲसिडात उपडी केली. माझ्यासमोर. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काचा चांगल्या आहेत, परत वापरता येतील." त्यांना खरंच वाटत होतं की ते मला धीर देताहेत.

एकच दिवस, एकच द्रावण, एकच पातं. कोरीसाठी हे तीन नियम त्यांनी आमच्या हाडांत मुरवले होते. एकच खेकडा, असं मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही कधी सुचलं नव्हतं. याचं कारण अगदी साधं होतं. कवच टाकायला आलेला खेकडा बिळाच्या तोंडाशी येत नाही, हर्सूलच्या तलावाकडून खेकडे आणून देणाऱ्या माणसाला तो क्वचितच मिळायचा. मिळाला तरी त्याची ग्रंथी इतकी मऊ, की पात्याखाली विस्कटून जायची. त्यातून हाती लागणारे थोडेसे धड काप कोऱ्या स्लाइडवर कोण घालवणार? कोरीसाठी साधा, टणक खेकडा कापायचा, अशी आमच्या प्रयोगशाळेची रीत होती. सरांपासून चालत आलेली. तिला कुणी नियम म्हणत नव्हतं, म्हणून ती कुणी तपासलीही नव्हती.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. विभागानं एक दिवसाचं चर्चासत्र ठरवलं. पुण्याहून, हैदराबादहून पाहुणे येणार होते. सरांनी मला बोलावून सांगितलं, "माझं जुनं काम तू काप काढायच्या नव्या यंत्रावर परत कर आणि तूच दाखव. माझ्या स्लाइडी आता फिक्या पडल्या." हा मान होता. मोठमोठे विद्यार्थी सोडून त्यांनी मला निवडलं होतं. मी मात्र मनात म्हणालो, आणखी सहा महिने गेले.

त्याच सुमारास त्यांचे थोरले भाऊ आजारी पडले आणि ते गावी गेले. मागं प्रयोगशाळेत मी एकटा. नशिबानं कवच टाकायला आलेला एक खेकडा मिळाला. आणि त्याच दिवशी शिपायानं टबांतलं पाणी बदलताना ओढ्याच्या पाण्याऐवजी नळाचं पाणी ओतलं. त्या पाण्यातल्या औषधानं साधे खेकडे सगळे मेले. कोरीसाठी काहीच उरलं नाही. थांबलो असतो तर हातातला खेकडाही वाया गेला असता. म्हणून मी कोरीही त्याच खेकड्याची केली.

ती काळी निघाली.

आधी वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. परत केलं. परत काळी. त्याच ठिकठिकाणच्या काळ्याभोर पेशी, निबंधातल्या छायाचित्रात होत्या तशाच. मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. मग हळूहळू उलगडत गेलं. आमच्या पद्धतीत शेवटी काळा होतो तो चुना. एन्झाइम काम करतं, त्यातून चुन्याचा कण तयार होतो आणि तो आपण काळा करतो. पण या पेशींत खेकड्यानं स्वतःच चुना साठवून ठेवलेला होता. एन्झाइम असो वा नसो, त्या पेशी काळ्या होणारच होत्या. साध्या खेकड्यात तो साठा नसतो, म्हणून त्याची कोरी स्वच्छ निघते. सरांना जी जागा सापडली होती, ती चुन्याच्या कोठाराची होती. त्या एन्झाइमची नव्हती.

त्या वेळी मला वाईट वाटलं असतं, तर आज हे लिहावं लागलं नसतं. मला आनंद झाला. ॲसिडात गेलेली पेटी डोळ्यांपुढं आली. तिच्यासकट सगळं वसूल झालं असं वाटलं.

मी स्लाइड घेऊन शेजारच्या सरांकडे गेलो. का गेलो? कुणाला तरी दाखवायची होती आणि आमचे सर गावी होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. शेजारच्या सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, डोकं वर केलं आणि सावकाश चष्मा पुसला.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही. गावी आहेत."

"मग चर्चासत्रातच दाखव की. विज्ञान आहे. त्यात लपवायचं काय नि लाजायचं काय? तेच सांगतात ना, आधी कोरी?"

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी दुपारी सर गावाहून परस्पर प्रयोगशाळेत आले. हातात पिशवी, पिशवीत केळी. भावाची तब्येत सुधारली होती. त्यांनी केळीचा फणा टेबलावर ठेवला, मेलेल्या खेकड्यांबद्दल शिपायाला चार शब्द सुनावले आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

"झालं का काम?"

"झालं सर."

"कोरी बघितली?"

"बघितली."

"कशी आहे?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. स्लाइड माझ्या खणात होती, हात लांबवला असता तर निघाली असती. मी म्हणालो, "उद्या दाखवतो, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या तोंडभर हसू पसरलं. "असं व्हय! चेल्यानं मास्तरला थाटात दाखवायचं ठरवलंय. बरं, बरं. आम्ही उद्याच बघू." त्यांनी एक केळं सोलून माझ्या हातात दिलं. मी ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. काकू आल्या होत्या, नव्या साडीत. सर पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टात, आणि त्या दिवशी त्यांना कसलाच वास नव्हता. माझी पाळी आली. दिवे मालवले. मी म्हणालो, "आधी कोरी," आणि सभागृहात हसू पसरलं, कारण ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. "शाब्बास!" पहिल्या रांगेतून सरांचा आवाज आला.

मी बटण दाबलं. पडद्यावर काळ्याभोर पेशी उमटल्या.

"उलटं झालं रे," सर म्हणाले. "ही काळी आहे. कोरी लाव."

"ही कोरीच आहे, सर."

"नाय नाय. बघ नीट."

"कोरीच आहे. त्याच खेकड्याची आहे."

मागं कुणीतरी खोकलं. मग शेजारच्या सरांचा आवाज आला, अतिशय सौम्य. "मूळ निबंधातली कोरी कोणत्या खेकड्याची होती, ते कळेल का?"

सर उठले. पडद्यापाशी गेले, इतके जवळ की त्या काळ्या पेशी त्यांच्या पांढऱ्या पाठीवर आल्या. तिथं ते उभे राहिले. मग वळले. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांचे डोळे बारीक झाले होते. चष्मा काढून त्यांनी हातात धरला. "दुसऱ्या," ते म्हणाले. "दुसऱ्या खेकड्याची होती."

ती शांतता मला सोसवेना. मी बटण दाबलं. पुढचं चित्र आलं, त्यावर माझा निष्कर्ष इंग्रजीत लिहिलेला होता, आणि मी तो वाचायला लागलो. सर थोडा वेळ तसेच उजेडात उभे होते. माझी अक्षरं त्यांच्या छातीवर पडली होती. मग ते बाजूला होऊन आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

शेवटी टाळ्या पडल्या. पुण्याच्या पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, याला धैर्य लागतं. जेवणाच्या वेळी सर माझ्याजवळ आले. "फोटो चांगले आलेत," म्हणाले, आणि काकूंना घेऊन घरी गेले. जाताना काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर सर मला एकदाही रागावले नाहीत. माझा प्रबंध त्यांनी एका आठवड्यात परत दिला, सही करून. आत एकही खूण नव्हती. ज्या माणसानं माझ्या स्वल्पविरामांसाठी पानं परत केली होती, त्याची एकही खूण नाही. मी विचारलं, "वाचलात का सर?"

"वाचायचं काय त्यात? कोरी बघितली मी."

नव्या निबंधावर त्यांचं नाव घालू का, असं विचारलं तर म्हणाले, "चूक तू शोधली. तुझं नाव घाल." टेबलाच्या काचेखालची पोस्टकार्डं निघून गेली होती. निवृत्त झाले त्या दिवशी टब रिकामे करून, उरलेले खेकडे स्वतः हर्सूलला सोडून आले, असं शिपायानं सांगितलं.

मला वाळूजला औषधाच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. गाडी घेतली. वडील गावात सांगत फिरले. कारखान्याची बस पदमपुऱ्यावरून जायची आणि मी सरांचं घर दिसणार नाही अशा बाजूला बसायचो. अशी वीसेक वर्षं काढता येतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मग एकदा शहागंजच्या भाजीबाजारात काकू समोर आल्या. केस पांढरे झालेले, पण ओळख लगेच पटली. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "राहू दे, मेथी चिरडशील." मग म्हणाल्या, "मेलो का जिते आहोत, बघायलाबी यायचं नसतं व्हय रे?"

मी त्याच रविवारी गेलो. सर ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. वाळले होते, पण बोलणं तेच. माझ्या कारखान्याची चौकशी केली, तिथं कोऱ्या करतात का ते विचारलं. करतात म्हटल्यावर बरं वाटलेलं दिसलं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. ते मधेच बाहेर पडलं. "सर, त्या दिवशी मी फार वाईट केलं. तुमची चूक चारचौघांत..."

"चूक होतीच की," सर म्हणाले. "इतकी वर्षं कुणाला दिसली नाय. तुला दिसली. त्यात वाईट काय? मी तर दुसऱ्या दिवशी काकूला म्हणालो, पोरगं तयार झालं."

माझ्या अंगावरचं ओझं उतरायला लागलं. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्यापुढं सरकवले.

"आदल्या दिवशी मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले. "तेव्हा सांगितलं असतंस, तर दुसऱ्या दिवशी मीच उभा राहिलो असतो. तूच कोरी दाखवली असतीस, पण बोललो मी असतो. माझी चूक आहे म्हणून मी सांगितलं असतं. आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं ना मी? ते करून दाखवायची ती एकच वेळ आली होती."

मी पुढ्यातल्या दाण्यांची सालं काढायला लागलो.

"पडद्यापाशी गेलो ना मी, ते बघायला नाय गेलो. मला बसल्या जागीच कळलं होतं. मी बोलायला गेलो होतो. पण तू पुढचं लावलं."

आतून काकूंनी विचारलं, चहा टाकू का. सर म्हणाले, टाक. मग मी म्हणालो, "आता सांगा, सर. मी ऐकतो."

ते हसले. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुला काय सांगू? तुला तर माहीतच आहे."

त्याच हिवाळ्यात सर गेले. त्या उजेडात चष्मा हातात धरून ते काय बोलणार होते, ते मी मनात पुष्कळदा रचून बघतो. दोन-चार वाक्यं जुळतात. पण दरवेळी ती माझ्यासारखी वाटतात. त्यांच्यासारखी एकदाही जुळली नाहीत.